पाटीआधी अंगण

मार्गशीर्ष महिन्यातील अमावास्येला लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील गावे दिवसभर ओस पडतात. बाजारपेठेत शुकशुकाट असतो, रस्त्यांवर वर्दळ नसते आणि घरांना कुलपे लागलेली असतात. सारा गाव त्या दिवशी शेतात असतो. वेळ अमावास्या, बोलीभाषेत येळवस, हा या भागाचा खास सण. चाकूर तालुक्याच्या शिवारातही त्या दिवशी कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी राहते, तिच्यात पांडवांची पूजा मांडली जाते आणि घरून आणलेली भज्जी, आंबील, उंडे व खीर यांचा नैवेद्य दाखवून काळ्या आईचे पूजन होते. या सोहळ्यात सर्वांत अधिक काम कोणाला असेल, तर ते घरातील चार-पाच वर्षांच्या लेकराला. ते पेंढी ओढून आणते, पूजेचे दगड मोजते, तुरीच्या शेंगा सोलते, हरभऱ्याची आंबट पाने चाखते, ज्वारीचे कणीस आणि करडईचा काटा यांतील फरक बोटांनीच शिकते आणि आजीला शंभर प्रश्न विचारते. त्या दिवशी त्याला कोणी शिकवत नाही. तरीही वर्षभरात ते एका दिवसात इतके क्वचितच शिकत असेल.

जून महिना उजाडला की याच लेकराच्या आयुष्यात दुसरे चित्र सुरू होते. सकाळी दारात गाडी येते. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर दप्तर, डब्यात विकतचा खाऊ आणि डोळ्यांत अर्धवट झोप घेऊन तीन वर्षांचे मूल गाडीत कोंबले जाते. दुपारी परतताना त्याच्या वहीत चार रेघांमध्ये गिरवायची इंग्रजी अक्षरे असतात आणि दुसऱ्या दिवशीचा गृहपाठ असतो. वहीचे पान भरले की आई-वडील समाधानी होतात. पान भरले नाही, तर घरात शिकवणीचा विषय निघतो. तालुक्याच्या गावांत, मोठ्या खेड्यांतही हे दृश्य आता नवलाचे राहिलेले नाही. प्रश्न असा आहे की, या दोन चित्रांपैकी शिक्षण कशाला म्हणायचे? आणि ज्या वयात मूल शाळेचे नसून घराचे असते, त्या वयाचा अभ्यासक्रम ठरविण्याचा अधिकार घराने कोणाच्या स्वाधीन केला?

कायद्यानेही घराचीच असलेली वर्षे

या प्रश्नाला कायद्याची बाजू आहे आणि ती बहुतेक पालकांच्या ध्यानात नसते. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षे वयाच्या बालकांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. २००९ साली त्याचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. त्याच घटनादुरुस्तीने सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व शिक्षण ही बाब राज्याने प्रयत्नपूर्वक करावयाच्या गोष्टींत ठेवली, म्हणजे अनुच्छेद ४५ मध्ये. याचा सरळ अर्थ असा, की वयाची सहा वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेत घातलेच पाहिजे असे बंधन कोणत्याही माता-पित्यावर नाही. शिशुवर्ग, लहान गट, मोठा गट या पायऱ्या चढल्याशिवाय पहिलीचा दरवाजा उघडत नाही, हा निव्वळ समज आहे. याच कायद्याच्या कलम १३ ने प्रवेशाच्या वेळी बालकाची वा पालकांची चाचणी घेण्यास मनाई केली आहे.

शासनाचे धोरणही आता घराच्या बाजूने बोलू लागले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत स्तर मानला. मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहा वर्षे वयाच्या आत होतो, हे त्या धोरणाने नमूद केले आणि जेथे शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे सांगितले. ऑक्टोबर २०२२ मध्ये या स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. तैत्तिरीय उपनिषदातील पंचकोशांची कल्पना त्याने बालविकासाच्या विचारात आणली आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ठरावीक पाठ्यपुस्तक नसावे अशी स्पष्ट भूमिका घेतली. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ या नावाने खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रे आणि गोष्टींची जी पेटी प्रकाशित झाली, तिचा आशयही हाच होता. महाराष्ट्रात २०२५-२६ पासून पहिलीच्या वर्गात नव्या धोरणाची अंमलबजावणी सुरू झाली. धोरण एक म्हणते आणि दारात येणारी गाडी दुसरेच सांगते, अशी आजची अवस्था आहे.

अठराव्या वर्षाची सावली तिसऱ्या वर्षावर

चाकूर हे लातूर-नांदेड मार्गावरील तालुक्याचे गाव. लातूर शहर येथून जवळ आणि त्या शहराचा शैक्षणिक लौकिक तर घरोघरी पोहोचलेला. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशांसाठी भरपूर सराव, वारंवार चाचण्या आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे बारकाईने लक्ष, या सूत्रावर उभा राहिलेला ‘लातूर पॅटर्न’ १९९० च्या दशकात राज्यभर गाजला. मराठवाड्यासारख्या उपेक्षित भागातील शेतकऱ्यांची, कष्टकऱ्यांची मुले त्यामुळे डॉक्टर आणि इंजिनिअर झाली, याचा अभिमान बाळगणे योग्यच आहे. ज्या प्रदेशाला शिक्षणाची दारे उशिरा उघडली, त्याने झपाट्याने अंतर कापण्यासाठी शोधलेली ती वाट होती.

परंतु सोळा ते अठरा वर्षांच्या तरुणासाठी आखलेली पद्धत तीन वर्षांच्या बालकाला लावली की काय होते, याचा विचार झालेला नाही. बारावीची स्पर्धा दहावीत उतरली, तेथून आठवीत, पाचवीत आणि आता ती शिशुवर्गाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपली आहे. ‘आतापासून पाया पक्का केला पाहिजे’ हे वाक्य प्रत्येक पालकाच्या तोंडी असते. पाया पक्का करणे म्हणजे भिंतीचे काम लवकर सुरू करणे नव्हे, हे घर बांधणाऱ्या गवंड्याला कळते. शिक्षणाच्या बाबतीत मात्र सुशिक्षितांनाही कळेनासे झाले आहे.

शरीरशास्त्राचा एक साधा दाखला पुरेसा आहे. मनगटातील आठ लहान हाडे जन्मतः कूर्चेच्या स्वरूपात असतात आणि पुढील अनेक वर्षांत क्रमाक्रमाने टणक होत जातात. तीन वर्षांच्या हाताला पेन्सिल धरून रेघांच्या आत अक्षर बसविण्याची सक्ती करणे म्हणजे हिरव्या दांड्यावर कणसाचे ओझे लादणे होय. त्या हाताला आधी माती मळू द्यावी लागते, शेंगा सोलू द्याव्या लागतात, पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतू द्यावे लागते. असा तयार झालेला हात सहाव्या वर्षी अक्षर आपणहून आणि आनंदाने उचलतो.

घर हीच शाळा होती, तेव्हा

घराला शिकविता येते, यावर मराठवाड्याने तरी अविश्वास दाखवू नये. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. माध्यमिक व उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचेच. मराठीतून शिकविणाऱ्या खाजगी शाळा काढणे ही सोपी गोष्ट नव्हती. १९२१ साली हिप्परगा येथे सुरू झालेली राष्ट्रीय शाळा आणि तेथे मुख्याध्यापक म्हणून राहिलेले स्वामी रामानंद तीर्थ यांचे कार्य म्हणूनच मोलाचे ठरते. पण अशा शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. मग गावोगावच्या लाखो घरांत मराठी टिकली ती कोणाच्या बळावर? पहाटे जात्यावर ओवी गाणाऱ्या मायमाउल्यांच्या, श्रावणात पोथी लावणाऱ्या आजोबांच्या, कीर्तनाच्या, भजनाच्या आणि अंगणातील गोष्टींच्या बळावर. राज्यकर्त्याने जे शाळेत दिले नाही, ते घराने ओसरीवर दिले.

त्या काळाचे अवास्तव कौतुकही नको. पोथी ऐकणाऱ्या अनेक मुलींच्या हाती अक्षर कधी आले नाही. गावकुसाबाहेरील वस्त्यांना तर पोथीजवळही येऊ दिले गेले नाही. घरातील शिक्षण सर्वांना सारखे मिळाले असते, तर सार्वत्रिक शाळेची चळवळ उभारण्याची गरजच पडली नसती. म्हणून घराचा गौरव करताना शाळेचा अधिक्षेप करण्याचे कारण नाही. मुद्दा एवढाच, की पहिल्या काही वर्षांत जे पेरायचे, ते पेरण्याची ताकद घरात असते आणि ती या प्रदेशाने सिद्ध करून दाखविलेली आहे.

बालशिक्षणाच्या आधुनिक विचाराचा प्रवासही घराकडून शाळेकडे आणि पुन्हा अंगणाकडे असा झालेला दिसतो. मारिया मॉन्टेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील कामगार वस्तीत पहिली बालशाळा उघडली, तिचे नावच ‘बालकांचे घर’ असे होते. आपल्या देशात हा विचार रुजविणारे गिजुभाई बधेका हे पेशाने वकील. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे, या प्रश्नाने त्यांना बालशिक्षणाकडे वळविले आणि १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू झाले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हे कार्य महाराष्ट्रात आणले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ साली ताराबाई आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या.

बोर्डीचा अनुभव आजच्या प्रत्येक पालकाने समजून घ्यावा असा आहे. बालवाडी सुरू झाली, पण उपेक्षित वस्तीतील मुले तिच्याकडे फिरकेनात. तेव्हा ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी बालवाडीच उचलून त्या वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर रूढ झालेला शब्द या घटनेतून जन्मला. मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून शिंपले, गारगोट्या, बिया, पाने, फुले आणि काटक्या ही साधने झाली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरू लागली, म्हणजे जेथे मूल तेथे शाळा. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण आणि १९८५ साली अनुताईंना पद्मश्री मिळाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी गावोगावी नेली. दुर्दैव असे, की नाव सर्वत्र पोहोचले, पण त्यामागील विचार तितक्या प्रमाणात पोहोचला नाही. अंगणवाडी म्हणजे खिचडी आणि शिक्षण म्हणजे गाडीने जाण्याची शाळा, अशी विभागणी लोकांच्या मनात होऊन बसली.

चाकूरच्या अंगणातील अभ्यासक्रम

तर मग सहा वर्षांपर्यंतच्या मुलासाठी घराने कोणता अभ्यासक्रम निवडावा? त्याचे पहिले सूत्र हे, की निवड दुकानातील मांडणीवरून न होता घरातील दिनक्रमावरून व्हावी. जे काम घरात खरोखर चालते, त्यात मुलाला खरा वाटा द्यावा. लातूर जिल्हा डाळींचा आणि सोयाबीनचा. तूर, मूग, उडीद, हरभरा आणि सोयाबीन या पाच धान्यांची मिसळ ताटात ओतून ती वेगवेगळ्या वाट्यांत निवडायला दिली, तर तीन-साडेतीन वर्षांचे मूल अर्धा तास तल्लीन होऊन बसते. त्यात रंग, आकार, वर्गीकरण आणि बोटांची चिमूट या चारही गोष्टी साधतात. चौथ्या वर्षी तेच मूल दहा चिंचोक्यांचे ढीग घालू लागते. पाचव्या वर्षी शेराचे माप हाती दिले, की एका पायलीत किती शेर बसतात हे ते स्वतः मापून पाहते आणि गणित त्याच्या हातात येते. विकतच्या मण्यांच्या पाटीने याहून अधिक काय शिकविले असते?

दुसरे सूत्र भाषेचे. लेखनाआधी वाचन, वाचनाआधी बोलणे आणि बोलण्याआधी ऐकणे हा क्रम निसर्गाने घालून दिला आहे. म्हणून या वयाचा मुख्य पाठ म्हणजे गोष्ट, बडबडगीत, उखाणा आणि गप्पा. रोज झोपताना एक गोष्ट, तीही न पाहता सांगितलेली. आठवड्यातून एखाद्या दिवशी तीच गोष्ट मुलाने आजीला सांगायची. चाकूर परिसरातील घराची भाषा एकच नसते. कोठे मराठवाडी मराठी, कोठे तांड्यावरील गोरमाटी, कोठे दखनी, तर उदगीरकडील सोयरिकीमुळे कोठे कानडीचाही कानोसा. मूल ज्या बोलीत हसते-रडते, त्या बोलीतच त्याची विचारशक्ती उभी राहते. प्रमाण मराठी आणि पुढे इंग्रजी या त्या भक्कम जोत्यावर चढवायच्या मजल्या आहेत. जोते खणून मजला चढत नाही.

तिसरे सूत्र परिसराचे. चाकूर तालुक्यातच वडवळ नागनाथची टेकडी आहे. औषधी वनस्पतींमुळे संजीवनी बेट म्हणून ती ओळखली जाते. ज्या तालुक्यात अशी टेकडी आहे, तेथील मुलाने झाडांची नावे इंग्रजी तक्त्यावरून घोकावीत, यासारखी विसंगती दुसरी नाही. वर्षातून तीन वेळा, म्हणजे मृगानंतर, दसऱ्याच्या सुमारास आणि उन्हाळा लागताना, मुलाला घेऊन तेथे जावे. तीच टेकडी तीन वेगळ्या रंगांत पाहिलेले मूल ऋतू या शब्दाचा अर्थ कधी विसरत नाही. मात्र तेथील वनस्पती उपटून आणण्याची सवय लागू देऊ नये. पाहणे, हुंगणे, नाव विचारणे आणि जपणे एवढाच धडा पुरे. लातूर रोडसारखे रेल्वेचे जंक्शन जवळ आहे. तासभर फलाटावर बसून गाड्यांचे डबे मोजणे, हा कोणत्याही तक्त्यापेक्षा सरस असा अंकांचा धडा होतो.

चौथे सूत्र सणवारांचे. घराच्या अभ्यासक्रमाला वेळापत्रक हवे असेल, तर ते पंचांगात तयार आहे. पोळ्याला मातीचे बैल करायचे, नागपंचमीला झोका खेळायचा, दिवाळीत किल्ला रचायचा, संक्रांतीला तीळ निवडायचे आणि येळवशीला शेतात जायचे. प्रत्येक सणात हाताचे काम, गाणे, गोष्ट, चव आणि चार माणसांत वागण्याची रीत एकत्र येते. शिक्षणतज्ज्ञ ज्याला समग्र विकास म्हणतात, तो हाच. अट एकच, की सणाच्या तयारीत मूल पाहुणा म्हणून बसता कामा नये. त्याच्या हातून उंडा वेडावाकडा वळला तरी चालेल. तो त्याचा असला पाहिजे.

पाचवे सूत्र मोकळ्या वेळेचे. दिवसातील दोन-तीन तास असे असावेत, की ज्यात कोणीही काही शिकवत नाही. भातुकली, लगोरी, लपंडाव, मातीत खड्डा खणणे, मुंग्यांची रांग पाहणे. ‘काय करू?’ असे विचारत कंटाळलेले मूल थोड्या वेळाने स्वतः काहीतरी शोधून काढते. भ्रमणध्वनी हाती दिला, की शोध तेथेच संपतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगून ठेवले आहे, की वर्षाच्या आतील बाळाला पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून अधिक नको, कमी असेल तितके चांगले.

विकतचे शिक्षण, विकतचे संस्कार

बाजाराने पालकांची ही धडपड केव्हाच हेरली आहे. ‘तीन वर्षांत हुशार मूल’ अशी हमी देणारे संच, चित्रफिती, सराववह्या यांनी दुकाने भरली आहेत. त्यांतील काही साधने चांगली असतीलही. निवडताना तीन प्रश्न विचारावेत. या वस्तूने मूल हाताने काही करणार आहे, की नुसते पाहणार आहे? तिच्यात चुकून पुन्हा करण्याची मुभा आहे काय? आणि ती नसती तर घरातील कोणत्या वस्तूने हेच काम झाले असते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, की बहुतेक खरेदी टळते.

येथे एक आत्मपरीक्षणही आवश्यक आहे. इंग्रजी शिशुवर्गाच्या घोकंपट्टीवर टीका करणारी सुसंस्कृत घरेही अनेकदा तीच घोकंपट्टी संस्कारांच्या नावाने करतात. पाहुणे आले की चार वर्षांच्या मुलाला उभे करून श्लोक म्हणायला लावायचे आणि चुकला तर सर्वांसमोर टोकायचे, याला संस्कार म्हणता येणार नाही. तीही एक परीक्षाच झाली. सायंकाळी देवापाशी दिवा लावताना घरातील मोठी माणसे रोज शांतपणे म्हणत असतील, तर शुभंकरोती मुलाला शिकवावी लागत नाही. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या १९३५ साली प्रकाशित झालेल्या पुस्तकातील आई एकही वर्ग घेत नाही. ती घरातील काम करता करता जगते आणि मुलगा ते पाहतो. संस्कार वागण्यातून झिरपतात, स्पर्धेतून येत नाहीत.

काही रास्त शंका

या विचारावर आक्षेप येतील आणि ते ऐकून घेतले पाहिजेत. पहिला आक्षेप असा, की इंग्रजी लवकर आली नाही तर मूल मागे पडेल. इंग्रजी हवीच, तिच्याविषयी आकस नको. पण ती भाषा म्हणून यावी, सर्व विषयांचे कुलूप म्हणून नको. ज्या घरात कोणी इंग्रजी बोलत नाही, तेथील तीन वर्षांचे मूल त्या भाषेत विचार करू शकत नाही, प्रश्न विचारू शकत नाही. ते फक्त उच्चार परत करते. मातृभाषेत मनसोक्त प्रश्न विचारलेले मूल पुढे दुसरी भाषा सहज आत्मसात करते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दोघेही पालक मजुरीला जातात किंवा ऊसतोडीला परजिल्ह्यांत जातात, त्यांनी हा अभ्यासक्रम कधी राबवायचा? अशा घरांवर आणखी एक अपेक्षा लादणे अन्यायाचे ठरेल. येथे अंगणवाडीचे महत्त्व आहे. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘पोषणही, शिक्षणही’ हा कार्यक्रम अंगणवाड्यांसाठी सुरू केला; म्हणजे दिशा ठरली आहे. ती गावात उतरवायची तर सुस्थितीतील कुटुंबांनी अंगणवाडीकडे पाठ फिरविणे थांबविले पाहिजे. गावातील निवृत्त शिक्षकाने आठवड्यातून एक तास गोष्ट सांगितली, सुताराने उरलेल्या लाकडाचे ठोकळे दिले, कुंभाराने माती दिली आणि एखाद्या आजीने गाणी शिकविली, तर सेविकेच्या खांद्यावरील भार हलका होईल. ज्याच्या घरी अंगण नाही, त्याला गावाने अंगण द्यायचे असते. ताराबाईंनी घालून दिलेला धडा हाच आहे.

तिसरी शंका पूर्ण गृहशिक्षणाची. महानगरांतील काही कुटुंबे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवितात. बारावीचे प्रमाणपत्र नसताना केवळ संगणकशास्त्रातील ऑलिंपियाडच्या पदकांवर मुंबईतील एका मराठी मुलीला २०१६ साली अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेत प्रवेश मिळाला, तेव्हा या मार्गाची बरीच चर्चा झाली. मात्र त्या मुलीने सातवीनंतर शाळा सोडली होती, हे विसरता येत नाही. सहा वर्षांपुढे घरीच शिकविणे हा वेळ, साधने आणि विद्या या तिन्हींनी संपन्न अशा थोड्या घरांचा मार्ग आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेसारख्या व्यवस्था त्यांच्या मदतीला आहेत. तालुक्याच्या गावातील सर्वसामान्य घरासाठी शाळा हीच मुलाला विविध जातींच्या, थरांच्या सवंगड्यांत मिसळण्याची जागा आहे आणि ती सोडण्याचे प्रयोजन नाही. घराने आग्रह धरायचा तो पहिल्या सहा वर्षांचा.

शेवटची शंका आईची. हा सारा अभ्यासक्रम तिच्याच माथी येणार काय? तसे झाले तर तो दोन आठवड्यांत मोडेल. शेतात नेणे, माप शिकविणे, रात्रीची गोष्ट सांगणे ही कामे वडिलांनी आणि आजोबांनी आपली मानली पाहिजेत. गिजुभाई हे वकिली सोडून मुलांत रमलेले वडीलच होते.

निवड कशाची?

मुलाच्या अभ्यासक्रमाची निवड ही वरवर पाहता पुस्तकांची, वर्गाची आणि शुल्काची निवड वाटते. खोलवर पाहिले तर घराने स्वतःविषयी दिलेला तो निवाडा असतो. ज्या आजीला शेकडो ओव्या पाठ आहेत, पावसाचा अंदाज वाऱ्यावरून कळतो, धान्याची पारख नखावर होते, तिला घरातच ‘अडाणी’ ठरवून नातवाला तिच्या मांडीवरून उचलले जाते आणि अक्षरे गिरवायला पाठविले जाते. त्या वेळी मूल कोणताही धडा न शिकविता एक गोष्ट कायमची शिकते, की आपल्या घरात शिकण्यासारखे काही नाही. पुढे हेच मूल मोठे होऊन गावाकडे पाठ फिरविते, शेतीला कमी लेखते, आई-वडिलांशी बोलायला त्याच्यापाशी शब्द उरत नाहीत. आणि तेव्हा समाज संस्कार हरपल्याची तक्रार करतो. ती तक्रार तिसऱ्या वर्षी केलेल्या निवडीपाशी नेऊन भिडविली पाहिजे.

येत्या जूनमध्ये चाकूरसारख्या अनेक गावांतील पालक शाळांच्या फलकांसमोर उभे राहतील. त्यांनी शाळेला चार गोष्टी अवश्य विचाराव्यात. मुले दिवसातून किती वेळ मोकळी खेळतात? वर्गात घरची भाषा बोलली तर टोकले जाते काय? सहा वर्षांआधी लेखनाची सक्ती आहे काय? आणि येळवशीच्या दुसऱ्या दिवशी मूल शेतातील गोष्ट सांगू लागले, तर ती ऐकायला बाईंना वेळ असतो काय? ज्या बालवर्गात चौथ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, तो खुशाल निवडावा, मग तो अंगणवाडीतील असो वा इमारतीतील. जेथे तो नसेल, तेथे घाई करण्याचे कारण नाही. सहा वर्षे पूर्ण होईपर्यंत घर आहे, अंगण आहे आणि शिवार आहे. पाटी आपल्या वेळेला येईलच. तोवर अंगण मात्र मुलाच्या पायाखालून काढून घेऊ नये.